खरकट्याची खिडकी

पावाच्या कडा मला कचऱ्याच्या डब्यात सापडल्या. जुन्या वर्तमानपत्रात नीट गुंडाळलेल्या, वरून दोरासुद्धा बांधलेला, जशा काही कुणाला भेट म्हणून द्यायच्या आहेत. रविवारची सकाळ होती. सून आंघोळीला गेलेली, मुलगा नेहमीसारखा परगावी, कुणाच्या तरी कारखान्यात यंत्रं बसवायला. मी गोळ्यांचं रिकामं पाकीट टाकायला झाकण उचललं आणि ती पुडी दिसली. दुसरी कुणी असती तर वर पाकीट टाकून मोकळी झाली असती. मी पुडी उचलली, दोरा सोडला आणि ओट्यावर उलगडली. कालच्या आणि आजच्या मिळून आठ कापांच्या कडा. सुरी सरळ चालवलेली, कुठे तुकडा पडलेला नाही, म्हणजे घाईत केलेलं काम नाही. पहिल्यांदा मला रागच आला. खायच्या वस्तूची नासाडी मला बघवत नाही, आणि नासाडी करून वर ती लपवायची म्हणजे कहरच. बाहेर येऊ दे बाईसाहेबांना, असं मनात म्हणून मी कंबरेवर हात ठेवून उभी राहिले. जीभ तयार होती. माझी जीभ तयार नाही असा दिवस अजून उजाडलेला नाही. आणि मग त्या कडांकडे बघता बघता माझ्या लक्षात आलं, की गेले कित्येक दिवस माझ्या ताटात कडा असलेला पाव आलेलाच नाही.

मी खुर्ची ओढून बसले. माझ्या सुनेला मी घुमी म्हणते. तोंडावर म्हणते, पाठीमागे बोलायची मला सवय नाही. बसच्या स्थानकात चौकशीच्या खिडकीवर असते ती. दिवसभर लोकांना गाड्यांच्या वेळा सांगते, कुठली गेली, कुठली यायची, आणि घरी आली की तोंडाला कुलूप. सगळे शब्द तिकडेच संपवून येते. आठ वर्षांत मी तिला हजार गोष्टींवरून बोलले असेन, तिनं एकदाही उलटून उत्तर दिलं नाही, आणि त्याचाच मला जास्त राग. भांडायला समोर माणूस हवं, भिंत काय कामाची. तीनेक आठवड्यांपूर्वी तिचा भात बिघडला. मऊ, पिचपिचीत, डावाला चिकटणारा. मी मुलाला फोनवर सांगितलंसुद्धा, "तुझ्या बायकोचा भात आता पाकिटं चिकटवायला ने तिकडे." तो हसला. ती शेजारीच उभी होती, तिनं ऐकलं, आणि दुसऱ्या दिवशी भात तसाच केला. मला वाटलं, मुद्दाम करते. आता त्या कडा पुढ्यात घेऊन बसल्यावर कळलं, मुद्दामच करत होती. भाजी बारीक चिरलेली, बटाटा ठेचलेला, रस्सा नेहमीपेक्षा पळीभर जास्त. एकेक गोष्ट रोज माझ्या समोर येत होती आणि मी तिला नावं ठेवत गिळत होते. मी, जिच्या नजरेतून कॅन्टीनमधली चारशे ताटं सुटली नाहीत. न्हाणीघरातलं पाणी थांबलं तशी मी पुडी पुन्हा बांधली, गाठसुद्धा तिच्यासारखी, दोन फेऱ्यांची, आणि होती तिथे ठेवली. ती केस पुसत बाहेर आली. "चहा ठेवू, आई?" "ठेव." एवढंच.

मी सत्तावीस वर्षं कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये होते, त्यातली एकवीस खरकट्याच्या खिडकीवर. वाढायची खिडकी वेगळी. तिथे आमचा आचारी उभा असे, सगळे त्याला वस्ताद म्हणायचे, हातात पळी घेऊन राजासारखा. जेवण झालं की लोक आपापलं ताट माझ्या खिडकीतून आत सरकवत. खिडकी एवढीशी, छातीच्या उंचीवर. मला माणसाचं तोंड दिसत नसे, त्याला माझं दिसत नसे. हात दिसे आणि ताट दिसे. उरलेलं पिंपात झाडायचं आणि ताट पाण्यात सोडायचं, एवढं काम. त्याला डोळे लागत नाहीत, पण मला होते, मी तरी काय करू. पहिल्या वर्षी ताटं नुसती ताटं होती. पुढे पुढे ती बोलायला लागली. भात टाकून भाजी संपवणारा कोण, भाजी कडेला सारून नुसता पाव खाणारा कोण, कुणाची दाढ दुखते, कुणाचं घरी भांडण झालं, कुणी रात्री ढोसली होती. तोंडावर माणूस खोटं बोलतो, हसतो, बरं आहे म्हणतो. ताटाला ते जमत नाही.

रंगखात्यात एक म्हातारा होता, नखांत कायम हिरवा रंग. एकदा त्याचं ताट आलं ते खालून ओलं. दुसऱ्या दिवशीही ओलं, रस्सा काठावरून चहूकडे सांडलेला. हात कापायला लागला होता त्याचा. रंगखात्यात कापणारा हात मुकादमाला दिसला की माणूस घरी. मी वस्तादला म्हटलं, "ताटं कमी पडतात. उद्यापासून पहिल्या वीस जणांना खोलगट वाडगे दे." वस्ताद म्हणाला, "ढीगभर ताटं आहेत की मागे." "घासायची आहेत," मी म्हटलं. "तू पळी सांभाळ. घासणारी मी आहे." म्हातारा नेहमी पहिल्या वीसांत असायचा. एकट्याला वाडगा दिला असता तर चारशे माणसांनी वळून बघितलं असतं. वीस जणांना दिला, कुणाचं लक्ष गेलं नाही. दोन वर्षं तो वाडग्यात जेवला आणि मानानं निवृत्त झाला. बांधणीखात्यात एक बाई होती, तिच्या ताटात भाजीचा ओघळ असायचा पण पावाचा कण नसायचा. कण नसतो तेव्हा पाव खाल्लेला नसतो, पिशवीत गेलेला असतो. मी चार पाव कागदात बांधून खिडकीच्या कट्ट्यावर ठेवायची आणि तिचा हात दिसला की खेकसायची, "हे घेऊन जा गं, उरलेत, उंदीर येतात." ती घाबरून घ्यायची. मला बया म्हणायची म्हणे पाठीमागे. म्हणू दे. बघायचं, करायचं, बोलून दाखवायचं नाही, हा माझा कायदा. बोललं की माणसाचं तोंड उतरतं आणि तुमचा हात वर होतो. कुणाचं तोंड उतरवून मला मोठं व्हायचं नव्हतं. खरं सांगायचं तर मोठं व्हायचं होतं, पण गुपचूप. खिडकीमागे उभं राहून चारशे माणसांची गुपितं पोटात ठेवायची, यासारखा रुबाब नाही. शाळेत तिसरीच्या पुढे गेले नाही, पण ताट वाचावं तर मी.

आमचे हे त्याच कारखान्यात लेथवर होते. चारशे ताटांत यांचं ताट मला डोळे मिटून कळलं असतं. पुसल्यासारखं स्वच्छ, आणि चमचा उजव्या अंगाला, उताणा. एके दिवशी चमचा पालथा आला. मी तो उचलला तर खाली पावाच्या कडेचा तुकडा, नखाएवढा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पालथा, तुकडा बोटाएवढा. आठवडाभरानं दोन कडा चमच्याखाली मावेनात, तरी दाबून बसवलेल्या. लपवत होते. कुणापासून, तर माझ्यापासून, कारण त्या खिडकीमागे कोण उभं आहे हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत. मी ताट झाडलं आणि पाण्यात सोडलं. त्या दिवसापासून घरी भाताला एक भांडं पाणी जास्त पडायला लागलं. पाव मी आधीच रश्शात टाकून वाढायची. पाण्याचा जग त्यांच्या हाताशी ठेवायची, आणि त्यांनी तो उचलला की मी वळून रस्त्याकडे बघायची, म्हणजे त्यांना गिळायला मोकळीक. एकदा ते म्हणाले, "आज भात छान झालाय." मी म्हटलं, "रोजचाच आहे." चार महिने आम्ही दोघं इतके छान वागलो की विचारू नका. एकदा भांडण नाही. मुलगा तेव्हा कॉलेजात, त्याला वाटलं म्हातारपणी यांचं जमायला लागलं. त्यांना वाटत होतं मला कळलेलं नाही, किंवा वाटत होतं की मला कळलंय हे त्यांना कळलंय हे मला कळू नये. मी माझा कायदा पाळत होते. भीती होती, हेही लिहिते. बाहेरच्या माणसांच्या वेळी भीती नसायची, म्हणून तो कायदा इतका सोपा होता. घरातल्या भीतीला मी चार महिने मऊ भात करून घातला.

मग एक दिवस पाणीसुद्धा उतरेना, तेव्हा दवाखाना. डॉक्टर तरुण होता, टेबलावरची पेनं सरळ रेषेत लावत बोलत होता. म्हणाला, तीन-चार महिने आधी आणलं असतं तर काही करता आलं असतं. मग पेनं लावायचा थांबला आणि त्यानं माझ्याकडे बघून विचारलं, "घरात कुणाच्याच लक्षात आलं नाही का?" रागानं नव्हे. नुसतं विचारलं. मी तोंड उघडलं. त्याच्या आत हे बोलले, त्या फाटलेल्या आवाजात, "ही दिवसभर कामावर असते हो. हिला कसं कळणार." डॉक्टरनं मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. मी त्यांच्या त्या एका वाक्याच्या आडोशाला उभी राहिले आणि गप्प बसले. आयुष्यात कुणी मला आंधळी म्हटलं असतं तर मी त्याचं तोंड फोडलं असतं, आणि त्या दिवशी मी आंधळी ठरवून घेतलं स्वतःला, खाली मान घालून. नंतरचे सहा आठवडे आम्ही दोघं एकटेच असायचो खोलीत, दुपारभर. एकदाही विषय निघाला नाही. त्यांनी माझ्या हाताकडे बघत एकदा एवढंच म्हटलं, "तुझ्यामुळे बरे गेले हो दिवस." मला वाटतं, ते आभार मानत होते. ते वाक्य एकोणीस वर्षं झाली, माझ्या गळ्यात आहे. ते गेल्यावर मी खिडकी सोडली. मुकादमाला म्हटलं, मला मागे भाजी चिरायला दे. लोक म्हणाले, बिचारीला दुःख सोसवेना. दुःख कसलं, मला ताटांकडे बघवत नव्हतं. पुढची सहा वर्षं मी कांद्याबटाट्यांकडे बघत काढली. कांदा चिरायचा असला की डोळ्यांत पाणी का, असं कुणी विचारत नाही, एवढी सोय.

सून समोर बसून चहा पीत होती. मी बशीत ओतून पीत होते, गार करून, घोट घोट. हल्ली गरम चालत नाही, दात ठणकतात, असं मी तिला सांगितलं होतं. दातांचं काही नव्हतं. घास गळ्याखाली, दोन हाडांच्या मध्ये जिथे खळगा असतो तिथे येऊन थांबतो. थांबतो म्हणजे दारात उभ्या राहिलेल्या परक्या माणसासारखा थांबतो, आत येत नाही की जात नाही. मग पाण्यानं ढकलायचा. पहिल्यांदा झालं तेव्हा मी म्हटलं, घाईत गिळलं. दुसऱ्यांदा म्हटलं, हवा कोरडी आहे. त्यानंतर काही म्हटलं नाही. आमचे हेही बोट गळ्याखाली तिथेच ठेवायचे. मी पावाची कड खायची सोडली, आणि उरलेलं कुणाला दिसू नये म्हणून जेवण झालं की लगेच उठून माझं ताट मी स्वतः विसळायला लागले. ताट काय काय बोलतं ते मला माहीत, म्हणून त्याचं तोंड आधी बंद केलं. घुमीला म्हटलं, "तुझ्या घासण्यात साबण राहतो, माझं मी करीन." तिनं ऐकून घेतलं, नेहमीसारखं. मला वाटलं, जिंकले. आठ वर्षं ज्या बाईला मी भिंत समजत होते ती भिंत माझ्या गिळण्याचा आवाज ऐकत होती, हे मला कसं कळावं. पूर्वी कळलं असतं. मी बघायचं सोडलं होतं ना.

दुपारी तिनं हाक मारली. "आई, जेवायला या." मी टेबलाशी आले. माझ्या जागेवर वाडगा होता. खोलगट, निळ्या काठाचा, पाहुण्यांना खीर द्यायला काढतो तो. त्यात भात, वर रस्सा, रश्शात पावाचा मऊ भाग कुस्करलेला. "माझं ताट कुठे?" मी विचारलं.

"घासायची आहेत," ती म्हणाली.

मी तिच्या खांद्यावरून मांडणीकडे बघितलं. सहाच्या सहा ताटं उभी होती, कोरडी, उन्हात चमकत. मग टेबलाकडे बघितलं. तिच्या जागेवरही वाडगाच होता, तसाच भात, तसाच रस्सा. रंगखात्यातल्या म्हाताऱ्याची गोष्ट मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. मुलाला नाही, यांनाही नाही. हिला कुणी शिकवलं? कुणी नाही. कुठल्या तरी दुसऱ्या खिडकीमागे बसून हिचं हिलाच आलं. तिकडे तिला हात आणि पिशव्या दिसत असतील, चुकलेल्या गाडीची वेळ पुन्हा पुन्हा विचारणारी माणसं दिसत असतील, आणि त्यांनाही ती असंच काहीतरी गुपचूप देत असेल. मला वाटलं, उठावं आणि हिला जवळ घ्यावं. तसलं काही मला येत नाही. मी बसले आणि पहिला चमचा उचलला.

जेवताना मी तिच्याकडे बघितलं, एकोणीस वर्षांत कुणाकडे बघितलं नव्हतं तसं. डोळ्यांखाली काळं झालंय. हाताची हाडं वर आलीत. मी घास तोंडात घेतला की तिचा चमचा हवेत थांबतो, माझा घास खाली उतरेपर्यंत ती चावत नाही, आणि मी पाण्याचा ग्लास उचलला की ती वळून रस्त्याकडे बघते. खिडकीबाहेर काही नव्हतं. समोरच्या घराची भिंत, तिच्यावर एक बंद पडलेला पाइप. ती त्या पाइपकडे बघत होती, मला गिळायला मोकळीक म्हणून. आणि तिची मान वळलेली बघून मला माझी मान दिसली. ही आज वागतेय तशीच वागत राहील, भात दिवसेंदिवस मऊ होईल, मी तिला नावं ठेवीन, ती ऐकून घेईल, मुलगा फोनवर हसेल, आणि एक दिवस कुणीतरी टेबलावरची पेनं सरळ लावता लावता थांबून हिला विचारील. मुलगा परगावी, म्हणजे तिथे ही एकटीच उभी असणार. मी तेव्हा हिच्या वतीनं बोलू शकेन की नाही कोण जाणे. बोलले तरी खोटंच बोलेन, आणि मेल्या माणसाचं चांगुलपणाचं खोटं किती जड असतं ते मी उचलून बघितलंय. गप्प बसणं सोपं होतं. तिनं एवढ्या मेहनतीनं झाकलेलं झाकलेलंच ठेवायचं, तिचा मान राखायचा, माझाही राखायचा. माझा कायदा हेच सांगत होता.

मी चमचा खाली ठेवला. "घास अडकतो गं मला," मी म्हटलं. खळग्यावर बोट ठेवलं. "इथे. तेवीस दिवस झाले."

तिनं पाइपावरची नजर हळूहळू माझ्याकडे आणली. मग म्हणाली, "सव्वीस."

"मोजत बसलीस होय?"

"तुम्ही ताट स्वतः विसळायला लागलात त्या दिवसापासून. त्याआधी आठ वर्षांत तुम्ही चमचासुद्धा उचलला नव्हता."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हाला आवडलं नसतं."

"मला काय आवडतं त्यावर घर चालतं का?"

"आठ वर्षं त्यावरच चाललंय," ती म्हणाली. पहिलं उलट उत्तर. मला हसू आलं, आणि हसताना घास नसतानाही गळ्यात अडकलं. तिनं पाण्याचा ग्लास पुढे केला, या वेळी मान वळवली नाही. मी पाणी प्याले, तिच्या देखत. मग सांगितलं. फार नाही सांगितलं. "तुझ्या सासऱ्यांनाही इथेच अडकायचं. चार महिने मला माहीत होतं. मी भात मऊ करायची." त्यापुढे सांगावं लागलं नाही. तिनं स्वतःच्या वाडग्याकडे बघितलं, मग माझ्या, आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "रडतेस काय," मी म्हटलं, "ऐक नीट. डॉक्टर तुला विचारील, घरात कुणाच्या लक्षात आलं नाही का. तू म्हणायचंस, आलं होतं. आणि सासूनं स्वतःच्या तोंडानं सांगितलं, आणि आम्ही दुसऱ्याच दिवशी आलो. एवढंच म्हणायचं. म्हणून दाखव." तिला म्हणता आलं नाही. मी दोनदा सांगितलं, तरी नाही आलं. मग तिनं तोंड पुसलं आणि एकदम निराळ्या आवाजात बोलायला लागली, तो तिकडचा आवाज असणार, चौकशीच्या खिडकीवरचा, मी तो कधी ऐकला नव्हता. सरळ, स्वच्छ, कुणालाही धीर येईल असा. "दवाखान्याकडे आठ वीसची गाडी आहे. गर्दी नसते. पुढच्या दारापाशी बसायला जागा मिळते. नंबर नऊला सुरू होतात."

"हे कधी बघून ठेवलंस?"

"दुसऱ्या आठवड्यात."

मला त्यावर काहीतरी झणझणीत बोलायचं होतं, जिभेवर आलंही होतं. पण ती माझ्याकडे बघत होती, आणि मी त्या नजरेखाली ताटासारखी उताणी पडले होते. वाडग्यात निम्म्याहून जास्त भात उरला होता. काठाला रश्शाचा ओघळ, मध्ये पावाचा एक तुकडा, तोंडात घेऊन परत काढलेला. माझा हात सवयीनं नळाकडे वळला, उठायला पाय सरसावलेसुद्धा. मग मी तिथेच बसले, आणि वाडगा, होता तसा, न विसळता, टेबलावरून तिच्यापुढे सरकवला. तिनं तो जवळ ओढला आणि त्यात काय उरलंय ते वाकून, नीट बघितलं.